कळंब्यावर

देवगडला जायचं होतं.
म्हणजे सहा वर्षं जायचंच आहे.
डिसेंबर लागला की दस्तगीर नकाशा उलगडतो,
गगनबावड्याच्या वळणांवरून बोट खाली सरकवतो,
"औंदा कुरव बघायचाच, गड्या. समुद्रावरचा."
औंदाही निघालो, पहाटे साडेपाचला.
फुलेवाडीच्या नाक्यावर स्कूटरनं मान टाकली.

प्लग पुसला. फुंकर मारली. शिव्या घातल्या.
"घाट न्हाई चढायची ही.
कळंब्यापतोर जाईल."
म्हणून कळंबा.

तळ्यावर धुकं, आणि धुक्याला
कुठल्याशा गुऱ्हाळावरच्या काकवीचा वास.
बांधाच्या गार दगडांवर टेकलो
कानटोप्या घातलेले दोघं,
मधे एक दुर्बीण, भाकरीचा डबा, खर्डा.

दुर्बीण त्याच्याकडेच असते.
माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय,
उजवा त्याच्या मागोमाग.
त्याचे कान उद्यमनगरात राहिले,
चौतीस वर्षं लेथवर;
जाड आवाज पोचतात अजून, ट्रकचा, भांडणाचा.
बारीक आवाज गेले.
बायको कुजबुजते ते गेलं. पाखरं गेली.

"शेकाट्या, चार," तो सांगतो,
"लालभडक पाय, पँट वर केल्यागत उभी हायती."
मला चार काड्या दिसतात, किंवा दिसल्यासारख्या वाटतात.
"हळदीकुंकू बदक, जोडी.
त्येच्या पलीकडं थापट्या, ह्यो एवढा फावडा घेऊन."
मी वहीत लिहितो. मग तो वळतो
आणि वाट बघतो. आता माझी पाळी.

काठावरून एक तुतवार ओरडत गेला, पाण्याला घासून.
"कसा?"
मी विचार केला. म्हटलं,
"टूलची धार गेली की पितळ रडतं बघ,
तसा. पण तीनदाच, आणि लगेच थांबणारा."
त्यानं डोळे मिटले.
"आलं," म्हणाला. "आलं ध्यानात."

धोबी म्हणजे एमरी पेपर, दोनदा ओढलेला.
टिबुकली म्हणजे सैल पट्टा, मशीन चालू होताना.
चक्रवाक लांब, धुक्याच्या पार, दिसत नव्हते कुणालाच.
"पाळी सुटल्याचा भोंगा," मी म्हटलं,
"पण दुसऱ्याच कुठल्या तरी कारखान्याचा."
तो हसला, आणि बराच वेळ
त्या बाजूला तोंड करून बसला.

नऊच्या सुमारास ऊन आलं.
पलीकडच्या काठावर धुण्याचे धोपटे सुरू झाले.
आणि दस्तगीरनं माझं मनगट धरलं.
"पांढरा. पंखांची टोकं काळी."
"बगळा असेल."
"बगळा मान दुमडून उडतोय व्हय? ह्यो बघ की."
दुर्बीण माझ्या नाकावर आदळली.
निळ्यात एक पांढरा डाग,
हात थरथरतो म्हणून हलणारा,
का खरंच वळणारा, काय माहीत.

"ओरडला काय?"

ओरडलं होतं काहीतरी.
गारगोटी रस्त्यावरचा हॉर्न, धोपटे,
आणि त्यांच्या वर, एक घोगरं, फाटकं,
पूर्वी कधीच न ऐकलेलं.
मी समुद्र पाहिलाय एकदा, सातवीच्या सहलीत, दुपारी.
तेव्हा काय ओरडत होतं ते कोण ऐकतंय!

तो माझ्या ओठांकडे बघत होता.
भोंगा म्हणून चाललं असतं,
फाटका पत्रा म्हणूनही.
"ओरडला," मी म्हटलं. "पण तुझ्या मशीनवर
तसला आवाज नाही रे. सांगता येत नाही."

दस्तगीर थोडा वेळ गप्प.
मग दुर्बीण परत घेऊन म्हणाला,
"मग त्योच."

वहीत लिहिलं: कुरव, एक. पुढं मी प्रश्नचिन्ह काढलं.
त्यानं खर्ड्याच्या बोटानं ते पुसलं,
नीट पुसलं गेलं नाही,
हिरवट तेलकट डाग पडला आणि खाली टिंब राहिलं.

परतताना स्कूटर ढकलत आणली.
चढावर तो पुढून, मी मागून.
डोक्यावरून टिटवी कोकलत गेली.
मागं न बघता तो ओरडला,
"ही आली, ही! ही येती मला अजून!"